शोधणाऱ्याला सापडले पाहिजे

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मुलेमुली आज हैदराबाद, बंगळूर, पुणे अशा शहरांतून संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरीस आहेत. त्यांतील काहींचे काम जरा निराळे आहे. ती यंत्रे बनवीत नाहीत, की विकीतही नाहीत; एखादी संगणकप्रणाली कशी वापरावी ह्याची माहिती लिहितात. पूर्वी अशी माहिती छापील पुस्तकातून येई. आता ती पडद्यावरच वाचावयाची असते, आणि तिची पाने कधी शेकड्यांत तर कधी हजारांत भरतात. एवढ्या पसाऱ्यातून हवे ते पान काढून देणारे साधन म्हणजे शोधयंत्र. सर्च इंजिन म्हणतात ते हेच. मदतीच्या पानांसाठी ते कसे निवडावे, ह्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा आहे असे कोणी समजू नये. मदतीचे पान उघडणारा मनुष्य बहुधा अडचणीत असतो. गावच्या पतसंस्थेत संध्याकाळी जमाखर्चाचा मेळ बसत नाही, बाहेर माणसे खोळंबली आहेत, आणि कारकून बाई मदतीच्या चौकटीत दोन शब्द लिहितात. ‘काहीही सापडले नाही’ असे उत्तर आले की त्या यंत्राला दोष देत नाहीत. आपल्यालाच काही येत नाही असे मानून गप्प बसतात. वास्तविक उत्तर पुष्कळदा त्याच पुस्तिकेत असते. फक्त लिहिणाऱ्याने त्यासाठी दुसरा शब्द वापरलेला असतो.

ह्या शब्दभेदाचे मोजमापही झालेले आहे. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. एकाच वस्तूला दोन माणसे आपापल्या मनाने नाव देऊ लागली, तर दोघांच्या तोंडी तोच शब्द येण्याचा संभव शंभरात वीसपेक्षाही कमी, असे त्यांस आढळले. लिहिणारा ‘समायोजन’ म्हणतो, विचारणारा ‘मेळ’ म्हणतो. ही दरी जे यंत्र बुजवील ते चांगले, एवढी एक कसोटी ध्यानात ठेवली तरी निवडीचे अर्धे काम झाले.

शोधयंत्राचे अंतरंग समजण्यास कठीण नाही. आपण विचारू तेव्हा ते सारी पाने वाचीत बसत नाही. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, ह्याची सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते. ही युक्ती आजची नव्हे. तेराव्या शतकात पॅरिसमधील सेंट जॅक मठात डोमिनिकन धर्मबंधूंनी सेंट शेरच्या ह्यूग ह्यांच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलातील शब्दांची अशीच सूची तयार केली. हेच ह्यूग पुढे कार्डिनल झाले. त्या पहिल्या सूचीत शब्दाचे स्थळ तेवढे दिले होते, भोवतालचे वाक्य नव्हते. त्यामुळे प्रत्येक स्थळ उघडून पाहावे लागे. ही उणीव ओळखून इंग्रज डोमिनिकनांनी पुढे वाक्यांसह सूची केली. आजही यंत्र निवडताना हेच पाहावे. नुसती पानांची नावे देणाऱ्या यंत्रापेक्षा शब्दाभोवतालची ओळ दाखविणारे यंत्र अडलेल्या माणसाचा वेळ वाचविते.

दुसरी गोष्ट शब्दांच्या रूपांची. इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटून मूळ काढण्याची एक रीत मार्टिन पोर्टर ह्यांनी १९८० साली प्रसिद्ध केली, आणि तिचा प्रसार फार झाला. मराठीत मात्र ‘खाते’ ह्या एका शब्दाची खात्यात, खात्यावरून, खाती, खात्यांची अशी किती रूपे होतात! ‘खाते’ शोधणाऱ्याला ‘खात्यावरून’ असलेले पान न देणारे यंत्र मराठी पुस्तिकेच्या काय कामाचे? ‘ऱ’ हे एकच अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविता येते. डोळ्यांना सारखेच दिसते, पण यंत्र ते जुळवून घेत नसेल तर त्याला ते दोन निराळे शब्द वाटतात. म्हणून मराठीसाठी यंत्र घेताना ही परीक्षा आधी करावी. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

आता प्रकारांविषयी. पाने थोडी, म्हणजे काही शेकडे असतील, तर त्यांच्याबरोबरच प्रवास करणारी लहान सूची पुरते. पायथॉन भाषेच्या पुस्तिकेसाठी निर्माण झालेले आणि २००८ साली प्रसिद्ध झालेले स्फिंक्स हे साधन अशी सूची स्वतःच करून देते; शोध वाचणाऱ्याच्याच संगणकावर चालतो. पाने वाढली की सूचीही जड होते. मग २०२२ साली आलेल्या पेजफाइंडसारखी साधने उपयोगी पडतात. ती सूचीचे तुकडे करून ठेवतात व लागेल तेवढाच तुकडा मागवितात. जेथे इंटरनेट मंद, तेथे हा मोठाच लाभ.

ह्याहून मोठ्या कामासाठी सोलर किंवा इलॅस्टिकसर्च असते. डग कटिंग ह्यांनी १९९९ मध्ये पुढे आणलेले ल्यूसीन दोहोंच्याही पोटात आहे. समानार्थी शब्दांची यादी, पानांचा क्रम, सारे त्यांत मनाजोगे बसविता येते. पण त्यांसाठी स्वतंत्र सर्व्हर लागतो आणि त्याची निगा राखणारा माणूसही लागतो. तो नसेल तर ही यंत्रे घेणे म्हणजे चारा नसताना हत्ती बांधणे होय.

चौथा मार्ग भाड्याचा. अल्गोलियासारख्या कंपन्या सूचीही सांभाळतात आणि उत्तरेही देतात. काम झटपट होते व टंकलेखनातील चुकाही सांभाळून घेतल्या जातात. परंतु लोक काय विचारतात ते सारे परक्या हाती जाते, आणि मालकाने घर मोडले तर भाडेकरूला निघावे लागते. गूगलची साइट सर्च ही विकत मिळणारी सेवा २०१८ साली बंद झाली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्यांस दुसरी सोय पाहावी लागली.

मग निवडावे कसे? आमचा सल्ला साधा आहे. दूरध्वनीवर लोकांनी विचारलेले पन्नास खरे प्रश्न त्यांच्याच शब्दांत, चुकांसकट, वहीत उतरून घ्यावेत. प्रत्येक यंत्राला तेच प्रश्न घालावेत, आणि योग्य पान पहिल्या तिनांत किती वेळा आले ते मोजावे. जे जिंकेल ते घ्यावे, मग ते लहान का असेना. त्यानंतर दरमहा, ज्या शब्दांना काहीच उत्तर मिळाले नाही त्यांची यादी काढावी. ते शब्द पुस्तिकेत घालावेत, अथवा समानार्थी म्हणून यंत्राला शिकवावेत. पान मुळातच लिहिलेले नसेल तर ते लिहावे. कारण नसलेले उत्तर कोणतेही यंत्र शोधून देत नाही.

हे काम कोणाच्या डोळ्यांत भरणारे नव्हे, आणि त्याबद्दल कोणी शाबासकीही देणार नाही. तथापि आपल्या घरची मुलगी वा मुलगा ह्या कामात असेल, तर सुटीत घरी आल्यावर त्यांस अवश्य विचारावे : ‘अडलेला मनुष्य कोणत्या शब्दांत विचारतो, हे तुम्ही कधी ऐकले आहे काय?’