बिलावर सही कोणाची?

पेरीन मिस्त्री १९३६ साली मुंबईच्या सर जे. जे.मधून आर्किटेक्ट होऊन बाहेर पडल्या. देशातल्या अगदी पहिल्या महिला आर्किटेक्टमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. आज इंटिरियरच्या वर्गांत मुलींचीच गर्दी दिसते. प्रवेशाचं घोडं आता अडत नाही, अडतं ते साईटवर.

नेहमीचाच प्रसंग. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालंय, पाणी ४८ तास साठवून ठेवायचं ठरलंय. दुसऱ्याच सकाळी कंत्राटदार टाइल्स वर चढवतो. साईटवरची डिझायनर काम थांबवते. खालच्या फ्लॅटचं छत बघितल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, म्हणते. तो वाद घालत नाही. बाजूला जाऊन ऑफिसात फोन लावतो, "साहेब, मॅडम जरा जास्तच करतायत." आणि साहेब म्हणतात, "असू दे, उरकून घे." पुढे ओल येवो न येवो, तिचा शब्द त्या साईटवर तिथेच संपला. कुणाला विचारायचं, हे सुतारापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळून चुकतं.

दोष आपण कंत्राटदाराच्या माथी मारतो. आमच्या मते दोष फोन उचलणाऱ्याचा आहे.

मग ती ऑफिसात बसते. लॅमिनेटची शेडकार्डं, पडद्यांचं कापड, क्लायंटच्या घरच्यांशी गोड बोलणं ही तिची कामं ठरतात. मोजमाप घेणं, आरए बिल तपासणं, स्नॅग लिस्ट काढून ती पुरी करून घेणं हे तिच्याबरोबर लागलेल्या मुलाकडे जातं. पाच-सात वर्षांनी तिला 'साईटचं फारसं येत नाही' असा शेरा मिळतो. स्वतःचं ऑफिस थाटायचं तर नेमकं हेच यावं लागतं.

'उशिरापर्यंत साईटवर बाईमाणसाला कसं ठेवायचं?' हे काळजीचं वाक्यही आम्ही पुष्कळ ऐकलंय. बहुतेक सोसायट्या संध्याकाळी ठोकाठोक बंदच करायला लावतात, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं. काळजी असेलच तर फ्लॅट फोडताना सगळे संडास एकाच दिवशी काढू नका. एक शेवटपर्यंत चालू ठेवा, दाराला कडी असलेला. मजूर बायकांचीही सोय होईल.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा छोट्या ऑफिसांनाही लागू आहे, हेही अनेकांच्या गावी नसतं. दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. कामासाठी जावं लागतं ती साईटही कायद्याने कामाचीच जागा. ही माहिती ऑफिसातल्या प्रत्येकीला द्या.

आणि पुढची वर्क ऑर्डर काढाल तेव्हा साईट सांभाळणाऱ्या डिझायनरचं नाव तीत लिहा. तिच्या सहीशिवाय आरए बिल पास होणार नाही, अशी अट घाला. कंत्राटदाराचा फोन आला, तर तिलाच विचारायला सांगा.