छावणीतली फिरती शौचालयं : दर उतरतो, टाकी भरते

बेळगाव : सैन्य भरती मेळावा लागला की खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणीपासून सांगली-साताऱ्यापर्यंतची पोरं आदल्या रात्रीच कॅम्प भागात येऊन टेकतात. पहाटे धावायचं असतं, त्याआधी पोट मोकळं करायचं असतं. तिथल्या फिरत्या शौचालयांपुढची रांग आणि दाराबाहेर आलेलं पाणी पाहून बहुतेक जण सरळ झाडीची वाट धरतात. बोल बसतो पोरांना, 'शिस्त नाही' म्हणून. प्रत्यक्षात ही घाण आठवडे आधी कागदावर ठरलेली असते, निविदेच्या अटींत.

बेळगावला हा विषय नवा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, इन्फंट्री स्कूलची कमांडो शाखा, सांबऱ्याचं हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, सगळं इथंच. ऑगस्ट २०१९ मध्ये महिला लष्करी पोलिसांची भरतीही बेळगावात झाली. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानी लष्कराबरोबरचा 'धर्म गार्डियन' सराव इथंच पार पडला. पक्क्या इमारतींतली शौचालयं मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस सांभाळते. पण चार दिवसांचा मेळावा किंवा दोन आठवड्यांचा सराव असला की तात्पुरती सोय भाड्याने घ्यावी लागते. त्यासाठी सरकारी खरेदीचं 'जेम' पोर्टल आहे. तिथं तांत्रिक अटींत बसलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. यालाच ठेकेदार मंडळी 'एल-वन' म्हणतात.

आता हिशेब बघू. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर वापरले जाणारे 'स्फिअर' निकष वीस माणसांमागे एक शौचालय सांगतात, अगदी सुरुवातीच्या धांदलीत पन्नासामागे एक चालतं. तीन हजार उमेदवार धरले तर कमीत कमी साठ. इथवर बहुतेक निविदा बरोबर असतात, कारण संख्या मोजणं सोपं आहे. घोळ होतो तो पाण्यात. हे फायबरचे डबे मुळात कागद वापरणाऱ्या देशांसाठी घडवलेले. खालची टाकी साधारण दोनशे लिटरची. आपल्याकडे एका वापराला तांब्या-दोन तांबे, म्हणजे सरासरी अडीच लिटर तरी पाणी जातं. ऐंशी जणांत टाकी तुडुंब. पन्नास माणसं दिवसातून दोनदा गेली तर अडीचशे लिटर झाले. म्हणजे 'रोज एकदा उपसा' अशी अट घातली की दुपारीच डबा वाहणार, ठेकेदार कितीही प्रामाणिक असो.

काही निविदांत 'बायो-टॉयलेट'चा आग्रह असतो. ते ऐकायला बरं वाटतं आणि त्यात अभिमानाची गोष्टही आहे. हे तंत्र संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेतून आलं, उंच बर्फाळ भागातल्या जवानांसाठी. ग्वाल्हेरच्या मराठी वाचकांना ही प्रयोगशाळा परिचयाची असेल. पण टाकीतले जीवाणू रुजायला, मैला पचवायला दिवस लागतात. तीन दिवसांच्या मेळाव्यात ती फक्त महागडी टाकी ठरते. त्यात कुणी फिनेल नाहीतर अॅसिड ओतलं तर संपलंच. रेल्वेने हीच शौचालयं डब्यांत बसवली, तेव्हा २०१६-१७ या एका वर्षातल्या सुमारे दोन लाख तक्रारींची नोंद कॅगच्या अहवालात झाली. तुंबण्याच्या तक्रारी सर्वांत जास्त होत्या.

दराचं गणित तर आणखी सरळ आहे. समजा, साठ डब्यांना दिवसाला सहाशे रुपयांप्रमाणे छत्तीस हजार मिळणार. पंधरा कामगार, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय धरून आठशेच्या हिशेबाने बारा हजार. रोजचा पंधरा हजार लिटर मैला न्यायला सक्शन टँकरच्या चार खेपा, दहा हजार. वापराचं पाणी तीन हजार. डब्यांची वाहतूक आणि झीज नऊ हजार. चौतीस हजार इथंच गेले. हे आकडे मानलेले आहेत, पण प्रमाण फार चुकणार नाही. कुणी साडेचारशे रुपयांचा दर भरला तर हातात येणार सत्तावीस हजार. मग सात हजार कुठून काढायचे? ट्रकवाला कमी घेत नाही. उरतात दोनच जागा, कामगाराची मजुरी आणि टँकरच्या खेपा.

मनुष्यबळ पुरवठ्याच्या कंत्राटात सेवा शुल्क ३.८५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये, असं अर्थ मंत्रालयाने २०२३ मध्ये सांगितलं. शौचालयं 'भाड्याने' घेतली की काम वस्तूंच्या भाड्यात मोडतं आणि हा आधार मिळत नाही. किमान वेतन लागू असतंच, पण तपासतो कोण? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याला वीस कामगारांची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती पन्नास झाली. पंधरा माणसांचं काम दोन्हींच्या बाहेर.

खरा धोका खेप चुकते तेव्हा. टँकर आला नाही की बादलीने उपसायला लावणं हे हाताने मैला काढणंच, २०१३ च्या कायद्याने गुन्हा. गटारात वा मैलाटाकीत उतरून मेलेल्यांच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख भरपाई ठरवली. भाडे करारात मात्र 'स्वच्छता ठेवणे ही ठेकेदाराची जबाबदारी' एवढ्या एका ओळीवर भागवलं जातं.

टँकर भरल्यावर तो रिकामा कुठं करायचा, हा प्रश्न तर बेळगावकरांच्या दारातलाच. हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पावरून शेतकरी वर्षानुवर्षं भांडताहेत, बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरतं. त्यात कोल्हापूरचा ठेकेदार एमएच-०९ पासिंगचा टँकर घेऊन आला तर कर्नाटकाचा कर आणि परवाना त्याच्या माथी. तो खर्च टाळायचा तर खेप जवळच कुठंतरी, रात्रीची. विल्हेवाटीची पावती बिलासोबत जोडण्याची अट घातली तर हे बरंचसं थांबेल. खर्च शून्य. सोबत रोजच्या उपशाची संख्या वापरांवर ठरवली आणि बिल डब्यांऐवजी खेपांवर काढलं, तर एल-वनचा दर आपोआप जमिनीवर येईल.

लहान ठेकेदाराची एक अडचण मात्र खरी आहे. जेमच्या नियमात माल-सेवा स्वीकारल्याचा दाखला निघाला की दहा दिवसांत पैसे. अडतं ते दाखल्यापाशी. तोवर अनामत अडकलेली, जीएसटीचे दोन टक्के टीडीएस कापलेले आणि कामगार शनिवारी पगारासाठी दारात उभे. ज्याच्याकडे खेळतं भांडवल आहे तोच टिकतो, चांगलं काम करणारा नव्हे. म्हणून पुढच्या मेळाव्याच्या निविदेत दर किती आला याच्या आधी, दाखला किती दिवसांत देणार हे लिहिलंय का, ते बघायला हवं. निविदा जेमवर कुणालाही उघडून वाचता येते आणि शंका विचारायला मुदतही असते.