‘प्राथमिक’ म्हणजे काय? : लोकसाहित्याच्या संकलनासंबंधी एक आक्षेप

लोकसाहित्यावरील मराठी प्रबंधाच्या प्रास्ताविकात एक परिच्छेद हमखास आढळतो. क्षेत्रीय अभ्यासातून मिळविलेल्या ओव्या ही प्राथमिक साधने आणि छापील ग्रंथ, नियतकालिके ही दुय्यम साधने, असे त्यात सांगितलेले असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएच.डी.साठी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, तेव्हापासून तर हा परिच्छेद जवळजवळ विधीसारखा लिहिला जातो. समाजशास्त्रे व वाणिज्य यांच्या पाठ्यपुस्तकांतून हे वर्गीकरण आपण जसेच्या तसे उचलले; साहित्याच्या अभ्यासात त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र तपासले नाही. परिणामी ‘प्राथमिक’ हा शब्द आज आपल्याकडे पुराव्याचे वर्णन करीत नाही, तर पुराव्याची चौकशी थांबवतो. माझा आक्षेप या थांबण्याला आहे.

‘इंदापूर तालुक्यातील जात्यावरच्या ओव्या’ किंवा ‘बारामती परिसरातील स्त्रीगीते’ असा विषय घेऊ. त्याचे संकलन कसे होते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. दिवाळीच्या सुटीत पदवीच्या विद्यार्थ्यांना वह्या दिल्या जातात. ते आई, आजी, चुलती यांच्याकडून ओव्या लिहून आणतात. वहीत ओवी असते, फार तर खाली गावाचे नाव असते. गाणारीचे नाव, वय, जात, माहेर, ओवी कोणाकडून शिकली, शेवटची केव्हा म्हटली, यांपैकी काही नसते. पुढे माहेर, बंधुप्रेम, विठ्ठलभक्ती, सीतेचा वनवास अशा कप्प्यांत त्या ओव्या वाटल्या जातात आणि त्यांतून ‘लोकमानसा’विषयी निष्कर्ष काढले जातात. माझ्या स्वतःच्या प्रबंधातील एका प्रकरणाची घडण याहून फार वेगळी नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे.

पहिला प्रश्न तालुक्याचा आहे. तालुका हे महसुली एकक आहे; ओवीचा संचार विवाहसंबंधांतून होतो. इंदापूरच्या दक्षिणेला नीरा आहे, उत्तरेला व पूर्वेला भीमा, आणि नीरा-नरसिंहपूरला या दोन नद्यांचा संगम होतो. नदीपलीकडचे माळशिरस, करमाळा, माढा हे तालुके सोलापूर जिल्ह्यात मोडतात, परंतु सोयरिकी नदी ओलांडून होतात. इंदापूर तालुक्यात नांदणाऱ्या बाईने म्हटलेली ओवी तिने करमाळ्याकडच्या आईकडून उचललेली असू शकते. तिचे माहेर नोंदविलेले नसेल, तर ती ओवी ‘इंदापूर तालुक्यातील’ आहे हे विधान कशाच्या आधारावर करायचे? प्रबंधाचे शीर्षकच येथे अप्रमाणित राहते.

दुसरा प्रश्न काळाचा आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली या भागात आले आणि कालव्याकाठची गावे उसाची झाली. सुप्याकडचा पट्टा मात्र जिरायतच राहिला. १९८०च्या सुमारास उजनी धरण पुरे झाले आणि भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर आजही पाणी ओसरल्यावर उघडे पडते. गाव मात्र दुसरीकडे वसले आहे. संकलनाच्या वहीत नुसते ‘पळसदेव’ लिहिलेले असेल, तर त्या ओवीतील नदीकाठ डोळ्यांसमोरचा आहे की आठवणीतला, हे कळायला मार्ग उरत नाही. त्यातच गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे दळण संपले. आज एखादी आजी अंगणात बसून नातवाच्या आग्रहाखातर ओवी सांगते, तेव्हा ती दळत नसते. ती दळणाची आठवण सांगत असते. स्मरणाच्या अभ्यासाला ही सामग्री प्राथमिक आहे. दळतानाच्या गायनासंबंधी मात्र ती दुय्यमच ठरते, कारण कृती आणि नोंद यांच्यामध्ये कित्येक वर्षे गेलेली आहेत. तीच ओवी एका प्रश्नाला प्राथमिक आणि दुसऱ्याला दुय्यम असते. प्राथमिकता साधनाच्या अंगी नसते. विचारलेला प्रश्न आणि साधन यांच्या संबंधात ती असते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. लोकसाहित्य समूहनिर्मित व अनामिक असते, तेव्हा गाणारीचे नाव गौण आहे. हे उत्तर सिद्धान्तासारखे दिसते, पण पुष्कळदा ते संकलनातील उणिवेवरचे पांघरूण असते. वहीत नाव लिहायचे नाही आणि पुढे साहित्य अनामिक असल्याचा सिद्धान्त मांडायचा, हा तर्क वर्तुळाकार आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून मुळशी-मावळच्या डोंगरी भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन उभे केले, ते एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत गेले आणि त्यात गाणारीचे नाव व गाव यांची नोंद ठेवली गेली. परंपरेतून आलेल्या साच्यात कोणती बाई काय घालते, काय गाळते, हा प्रश्न अशा नोंदीमुळे विचारता तरी येतो. समूह आणि व्यक्ती यांचे नाते तेथे तपासण्याचा विषय होते, गृहीतक राहत नाही.

हे संकलन २०१७पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावरून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहे. ते वापरणारा अभ्यासक दुसऱ्याने गोळा केलेली सामग्री वापरतो. आपल्या पाठ्यपुस्तकी व्याख्येने ती ‘दुय्यम’. परंतु नाव-गावासह नोंदलेली ही दुय्यम सामग्री आपल्या निनावी ‘प्राथमिक’ वह्यांपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. क्षेत्रीय अभ्यास केला एवढ्याने पुरावा श्रेष्ठ ठरतो, ही समजूत त्यामुळे सोडावी लागते.

मौखिक परंपरेपुरताच हा दोष मर्यादित नाही. ज्या बारामतीच्या परिसरात आपण ओव्या गोळा करतो, त्याच बारामतीत मोरोपंतांचे आयुष्य गेले आणि १७९४ साली तेथेच त्यांचे निधन झाले. देवनागरी लिपीत मराठी पुस्तकांची छपाई सुरू झाली ती त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात. मोरोपंतांची प्रत्येक छापील आर्या म्हणजे कोणातरी संपादकाने हस्तलिखित वाचून केलेला निर्णय आहे. तरीही त्यांच्यावरील प्रबंधांत छापील आवृत्ती ‘प्राथमिक साधन’ म्हणून नोंदविली जाते आणि पोथी पाहिली का, हा प्रश्न तोंडी परीक्षेतही निघत नाही. आर्येच्या मात्रांवर विवेचन करणाऱ्याला एका ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही महाग पडू शकतो. म्हणजे जात्याजवळ आपण गाणारी विसरतो आणि ग्रंथालयात संपादक. दोन्हीकडे मधला माणूस पुसला की साधन ‘प्राथमिक’ दिसू लागते.

साहित्याच्या अभ्यासकाने समाजशास्त्रज्ञाचे काम का करावे, असाही आक्षेप येईल. पण येथे मुद्दा वाचनाचाच आहे. भावाला उद्देशून म्हटलेली ओवी सख्खा भाऊ असलेल्या बाईच्या तोंडी एक अर्थ देते आणि भाऊ नसलेल्या किंवा गमावलेल्या बाईच्या तोंडी दुसरा. संबोधन साच्यातले आहे की खरे, हे कळल्यावाचून ‘बंधुप्रेम’ हा कप्पा भरणे म्हणजे अर्थ लावण्यापूर्वीच अर्थ ठरवणे होय. काव्यात कोण कोणाशी बोलते हा समीक्षेचा मूलभूत प्रश्न आहे. केशवसुतांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितेला आपण तो विचारतो. शेतमजूर बाईच्या ओवीला विचारत नाही. यामागे ज्ञानाची शिस्त नाही, कोणाला कवी मानायचे याविषयीचा जुना पक्षपात आहे.

तेव्हा मार्गदर्शक आणि परीक्षक यांनी किमान तीन गोष्टींचा आग्रह धरावा. गाणारीच्या संमतीने तिचे नाव, वय, माहेर-सासर आणि गायनाचा प्रसंग नोंदविलेला नसेल, तर ती ओवी पुरावा म्हणून स्वीकारू नये. तिने नाव देण्यास नकार दिला असेल, तर तो नकारही नोंदवावा. मूळ वही व ध्वनिमुद्रण प्रबंधासोबत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करावे. आणि कोणते साधन कोणत्या प्रश्नासाठी प्राथमिक, हे प्रकरणागणिक लिहावे. यासाठी वेळ लागेल, प्रबंधांची संख्या घटेल, पृष्ठसंख्याही घटेल. घटू द्यावी. इंदापूर-बारामतीत दळताना ओवी म्हटलेल्या स्त्रिया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या वहीत त्यांचे नाव आज लिहिले गेले नाही, तर पुढच्या अभ्यासकाला त्या खरोखरीच अनामिक भेटतील, आणि ते अनामिकत्व परंपरेचे नसेल, आपले असेल.