काटकसर, पण कशाची?

परवा भाच्याला आयन इंजिनाबद्दल सांगत होतो. त्याचा जोर किती, तर तळहातावर सात ग्रॅम वजन ठेवल्यावर जाणवेल तेवढा. त्यानं सरळ विचारलं, "मामा, मग त्याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. युरोपीय अवकाश संस्थेचं ३६७ किलोचं स्मार्ट-१ अशाच इंजिनावर चंद्राकडे गेलं. २७ सप्टेंबर २००३ ला निघालं आणि १५ नोव्हेंबर २००४ ला चंद्राजवळ पोचलं. अपोलो-११ ला तीन दिवस लागले होते! हे मात्र पृथ्वीभोवती ३०० हून जास्त फेऱ्या मारत, कक्षा थोडी थोडी मोठी करत गेलं.

गंमत म्हणजे ही मळसूत्री वाट स्वस्त नसते. पृथ्वीजवळच्या कक्षेतून त्याच प्रतलातल्या भूस्थिर कक्षेत जायला नेहमीच्या दोन धक्क्यांत वेगाचा बदल सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर लागतो, मळसूत्री वाटेनं ४.६. तरीही इंधन कमी जळतं, कारण स्मार्ट-१ च्या इंजिनातून झेनॉन सेकंदाला सोळा किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडतो. रासायनिक इंजिनात हाच वेग तीन ते साडेचार.

'संगणक सर्वोत्तम मार्ग शोधून देतो' असं वाचलं की मला राग येतो. सर्वोत्तम म्हणजे काय, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं ना! कक्षेचं दूरचं टोक उंच करायचं तर पृथ्वीच्या अगदी जवळून जाताना दिलेला रेटा सर्वांत फायद्याचा. पण फक्त तिथंच रेटायचं ठरवलं तर यान महिनोन्‌महिने किरणोत्सारी पट्ट्यांत घुटमळणार आणि सौरपट्ट्या खराब होणार. म्हणून स्मार्ट-१ नं सुरुवातीला जवळजवळ सतत इंजिन चालवलं, थोडं इंधन 'वाया' घालवलं आणि पट्ट्यांबाहेर पडल्यावर मग हात आखडता घेतला. हा निर्णय माणसांचा. नुसता इंधनाचा आलेख दाखवून मार्गाला किफायतशीर म्हणणारे लेख मला म्हणूनच अर्धवट वाटतात.

दळणवळण उपग्रहांच्या मालकांना हे बरोबर कळतं. मार्च २०१५ मध्ये पूर्ण विद्युत इंजिनांवर चालणारे दोन उपग्रह एकाच फाल्कन-९ वर गेले. हलके, म्हणून जोडीनं मावले. पण नेमक्या जागी पोचायला सुमारे सहा महिने लागले, आणि तोवर कमाई शून्य. मालकांनी तेही हिशेबात धरलं होतं.

भाच्याला हे सगळं सांगून झालं. त्याला अजून तीन दिवसांचाच प्रवास आवडतो.