न विचारल्याचा दोष कोणाचा?

‘माहो शोजो मादोका मागिका’ ही बारा भागांची जपानी चित्रमालिका दूरचित्रवाणीवर प्रथम २०११ सालीं दाखविली गेली. लेखन गेन उरोबुची यांचें, दिग्दर्शन आकियुकी शिन्बो यांचें. ‘माहो शोजो’ म्हणजे जादूची मुलगी. या मालिकेविषयीं दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. पहिलें असें कीं, रंगीबेरंगी पोषाख केलेल्या पोरी चेटकिणींशीं लढतात, हा पोरखेळ असून प्रौढांनीं त्याची दखल घेण्याचें कारण नाहीं. दुसरें मत मालिकेच्या चाहत्यांचें आहे. ते म्हणतात, जादूच्या मुलींच्या गोष्टी आजवर गोड खोटें बोलत आल्या. या मालिकेनें तें उघडें पाडून आशा हा निव्वळ भ्रम आहे असें दाखविलें. आमच्या मतें पहिलें मत अज्ञानाचें आहे, आणि दुसरें त्याहून घातक आहे.

दुसऱ्या मताला इतिहासाचा तरी आधार आहे काय? या परंपरेचा आरंभ १९६६ सालच्या ‘जादूगारीण सॅली’पासून धरतात. १९८२ सालीं सुरू झालेल्या ‘मिंकी मोमो’ची नायिका मालमोटारीखालीं सांपडून मरते. १९९२ सालीं सुरू झालेल्या ‘सेलर मून’च्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस नायिकेच्या चार सख्या एकामागून एक धारातीर्थीं पडतात. मोमोला पुढें पुनर्जन्म मिळतो व त्या सख्याही परत येतात, हें खरें. पण मरण बालप्रेक्षकांपासून लपविलेलें नाहीं. तेव्हां काळोख हा कांहीं ‘मादोका’चा शोध नव्हे.

तिचा खरा विषय करार हा आहे. क्यूबे नांवाचा मांजरासारखा पांढरा प्राणी चौदा वर्षांच्या मुलींना सांगतो कीं, तुमची एक इच्छा मी पुरी करतों, मोबदल्यांत तुम्हीं चेटकिणींशीं लढावें. यांतला शब्द न् शब्द खरा आहे. जें तो सांगत नाहीं तें असें: होकार देतांच मुलीचा आत्मा देहांतून काढून एका रत्नांत ठेवला जातो; निराशेनें तें रत्न पुरतें काळवंडलें कीं तीच चेटकीण होते; आणि त्या क्षणीं सुटणारी शक्ति विश्वाचा ऱ्हास थोपविण्याच्या कामीं लावली जाते. सायाका ही मुलगी व्हायोलिनवादक मित्राचा निकामी हात बरा व्हावा एवढेंच मागते, आणि शेवटीं चेटकीण होते. जाब विचारला असतां क्यूबेचें उत्तर तयार असतें: तुम्हीं विचारलें नाहीं.

कित्येक बुद्धिमान प्रेक्षक या उत्तराचें समर्थन करतात. विश्व वांचवावयाचें तर चार मुलींचें मोल तें काय, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर असेलही. पण ज्यांच्या जिवावर तो मांडला त्यांच्यापासूनच तो झांकून कां ठेवला? गटेच्या ‘फाउस्ट’ची छाया या मालिकेवर उघड आहे, सर्वांत बलाढ्य चेटकिणीचें वाल्पुर्गिसनाख्त हें नांव त्या नाटकांतील डाकिणींच्या रात्रीचेंच. परंतु फाउस्ट हा आयुष्यभर ग्रंथ कोळलेला पंडित. समोर सैतान आहे हें जाणून तो रक्तानें सही करतो. येथें मुलगी शाळकरी, आणि सैतान खेळण्यासारखा गोंडस! जें ठाऊकच नाहीं, त्याविषयीं तिनें विचारावें तरी काय?

मादोकाचें मोठेपण येथेंच आहे. मैत्रिणींची वाताहत पाहून ती सारी किंमत जाणून घेते, आणि बाराव्या भागांत मागते कीं, भूत-भविष्यांतील प्रत्येक चेटकीण जन्मण्यापूर्वींच आपल्या हातून नाहींशी व्हावी. त्यापायीं तिचें मनुष्यपण जातें. जगांतलें दुःखही संपत नाहीं. तरी ही आशाच आहे, मात्र डोळस.

आमच्या घरांतूनही मुलींच्या त्यागाचे गोडवे गाइले जातात. ‘ती आपण होऊन तयार झाली’ असें अभिमानानें सांगणाऱ्या किती वडीलधाऱ्यांनीं तिला त्या त्यागाची किंमत अगोदर सांगितलेली असते? अकराव्या भागांत वादळांत निघालेल्या मादोकाला तिची आई अडविते, कोणाच्या खोट्याला तर तूं भुलत नाहींस ना, असें विचारते, आणि मुलीचें उत्तर ऐकून मगच तिला जाऊं देते. पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्या पालकांनीं निदान हा एक प्रसंग अवश्य पाहावा. विचारण्याचें काम मुलीचें नव्हे, आपलें आहे.