अनामिक बोक्याची कीर्ती : उत्तरभाग आणि वाचकप्रतिसाद यांविषयी काही विचार

विनोदी, अद्भुताच्या अंगाने जाणाऱ्या आणि त्यातही 'पुढील भाग' म्हणून अवतरलेल्या साहित्यकृतीकडे आपली समीक्षा सहसा गांभीर्याने पाहत नाही. उत्तरभाग म्हणजे लोकप्रियतेपुढे लेखकाने पत्करलेली शरणागती, असे आपण जवळजवळ गृहीतच धरतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने बोलणाऱ्या प्राण्यांच्या विनोदी कथामाला आणि त्यांचे वाचक असा विषय संशोधनासाठी सुचविला, तेव्हा 'विषय हलका आहे' एवढ्याच शेऱ्यावर तो परत आला. तो शेरा आजही मनात सलतो. त्यामागील गृहीतकाची तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी (१८६७-१९१६) यांच्या एका बोक्याचे उदाहरण घेऊ.

टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकविणाऱ्या सोसेकींनी ताकाहामा क्योशी या कविमित्राच्या आग्रहावरून एक विनोदी कथा लिहिली. 'होतोतोगिसु' या हायकूला वाहिलेल्या नियतकालिकात ती जानेवारी १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. 'वागाहाइ वा नेको दे आरु' हे तिचे नाव. 'वागाहाइ' हे भारदस्त, तोऱ्याचे प्रथमपुरुषी सर्वनाम आहे. मराठीत दरबारी थाटाचे 'आम्ही' त्याच्या जवळ जाते. बेवारशी बोक्याने स्वतःविषयी 'आम्ही' म्हणावे, यातच विनोदाचे बीज आहे. हा बोका माणसांशी बोलत नाही. तो त्यांचे बोलणे ऐकतो, शेजारच्या मांजरांशी गप्पा मारतो आणि वाचकाशी बोलतो. पंचतंत्रातील तपस्वी मांजराला तित्तिर आणि ससा यांच्याशी बोलावे लागते, कारण त्याला त्यांना खायचे असते. सोसेकींच्या बोक्याला श्रोता हवा आहे तो केवळ मत मांडण्यासाठी. म्हणूनच वाचकाचा प्रतिसाद ही त्याच्या अस्तित्वाची अट ठरते.

ही कथा एकाच अंकापुरती होती. आपण याच शिक्षकाच्या घरी अनामिक म्हणूनच आयुष्य संपविणार, अशा आशयाच्या उद्गाराने ती संपते. वाचकांना मात्र ती एवढी आवडली की तिचे पुढील भाग निघाले, आणि ऑगस्ट १९०६ पर्यंत एकूण अकरा प्रकरणे झाली. येथवर ही हकिगत आपल्या गृहीतकाला पोषकच वाटेल.

परंतु दुसऱ्या प्रकरणाचा आरंभ पाहावा. नव्या वर्षापासून आपण थोडेफार प्रसिद्ध झालो आहोत, असे बोका समाधानाने सांगतो. धन्याकडे मांजरांची चित्रे काढलेली शुभेच्छापत्रे येतात. एका पत्रावर तर कथेचे नावच लिहिलेले असते. धनी ते पाहून बुचकळ्यात पडतो आणि हे मांजराचे वर्ष आहे की काय, असे पुटपुटतो. घरातल्या बोक्याची ही कीर्ती आहे, हे त्याच्या लक्षातही येत नाही. अनामिक राहण्याची प्रतिज्ञा करणारा बोका कीर्तिमंत झाला, पण नाव नसलेलाच राहिला. वाचकांचा प्रतिसाद येथे कृतीच्या बाहेर उरत नाही. तो कथानकाचे द्रव्य बनतो आणि धन्याच्या अज्ञानावरील उपरोध अधिक धारदार करतो.

याहून विलक्षण प्रसंग अखेरच्या प्रकरणात आहे. जर्मन लेखक ई. टी. ए. हॉफमान यांनी १८१९ ते १८२१ या काळात मुर नावाच्या बोक्याचे आत्मचरित्र दोन खंडांत प्रसिद्ध केले होते. दुसऱ्या खंडाच्या शेवटी मुर निवर्तल्याचे सांगून तिसऱ्या खंडाचे आश्वासन दिले होते. १८२२ मध्ये हॉफमान यांचेच निधन झाले आणि तो खंड कधी आला नाही. मे १९०६ मध्ये जर्मन साहित्याचे अभ्यासक फुजिशिरो सोजिन यांनी खुद्द मुरच्या तोंडून एक लेख लिहिला. आपल्या पूर्वसूरीची दखल न घेणाऱ्या जपानी बोक्याला त्यात कोपरखळी मारली होती. आजच्या परिभाषेत हा वाङ्मयचौर्याचा अप्रत्यक्ष आरोपच म्हणता येईल. सोसेकींनी त्यास प्रस्तावनेतून वा पत्रातून नव्हे, तर बोक्याच्याच मुखातून उत्तर दिले. शंभर वर्षांपूर्वी मेलेला हा ज्ञातिबांधव भूत होऊन आपल्याला चकित करायला परलोकातून आला, असे बोका सांगतो. असा पराक्रमी पुरुष पूर्वीच होऊन गेला असेल, तर आपल्यासारख्या निरुपयोग्याने केव्हाच निरोप घ्यायला हवा होता, असेही तो म्हणतो. थोड्याच वेळाने तो उरलेली बिअर पितो, पाण्याच्या रांजणात पडतो आणि मरतो. टीकाकाराचा आक्षेप अशा रीतीने कृतीच्या शेवटाची चाहूल बनून येतो.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची कल्पना आपण वर्गात शिकवतो. वाचक ते क्षितिज घेऊन कृतीकडे येतो, हे आपण सांगतो. सोसेकींचे उदाहरण पुढचे पाऊल टाकते. क्रमशः येणाऱ्या कृतीत ते क्षितिज लेखकाला लिहिता लिहिताच दिसत असते आणि तो त्याच्याशी वाद घालू शकतो.

अर्थात वाचक म्हणेल तसे लेखकाने लिहावे, असा निष्कर्ष यातून काढता येणार नाही. या कादंबरीला बांधीव कथानक नाही. शेंडा-बुडखा नसलेली ती रचना कोठेही थांबली तरी चालेल, असे सोसेकींनीच पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत सुचविले होते. मधली काही प्रकरणे पसरट आहेत, हेही मान्य करावे लागेल. तरीही मागणी पुरविणे आणि प्रतिसादाला उत्तर देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मागणी पुरविणाऱ्या लेखकाने बोक्याला जिवंत ठेवले असते. सोसेकींनी त्याला मारले. वाचकांनी मात्र तो शेवट अंतिम मानला नाही. त्यांचे शिष्य उचिदा ह्याक्केन यांनी पुढे त्याच बोक्याला शोवा काळात पुन्हा आणले, आणि ते पुस्तक १९५० मध्ये निघाले. शिष्याचा उत्तरभाग हाही एक वाचकप्रतिसादच होय.

आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा 'विविधज्ञानविस्तारा'च्या पानांतून वाढला. चिं. वि. जोशी यांचा चिमणरावही एका पुस्तकात मावला नाही. त्यांच्या वाचकांनी काय मागितले आणि लेखकांनी काय नाकारले, याचा शोध घ्यायचा तर मूळ अंक हवेत. एका ग्रंथालयात मी जुन्या मासिकांचे असे खंड पाहिले आहेत, की ज्यांच्या बांधणीत मुखपृष्ठे, जाहिराती आणि पत्रव्यवहाराची पाने काढून टाकली आहेत. 'साहित्य' तेवढे जपले आणि वाचक फेकून दिला. 'विषय हलका आहे' हा शेरा आणि ही बांधणी यांच्यामागील दृष्टी एकच आहे. ती बदलायची असेल, तर ज्या अंकांत अशी पाने अद्याप शिल्लक आहेत त्यांची सूची करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे सोपवावे. ते काम हलके नाही.