चौरसाला काटकोन नकोत का?

गेले दोन महिने स्वारगेटच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना मी नववीचं भूमितीचं पुस्तक वाचते आहे. उर्दू-मराठी शिकवण्यात वीस वर्षं गेली, समांतर रेषा आणि छेदिका कधीच विसरले होते. पण टीईटीच्या पेपर 1 मध्ये 150 पैकी 30 गुण गणिताचे. भाषेच्या शिक्षकालाही ते चुकत नाहीत. परवा बाकावर शेजारी बसलेल्या सहकारी म्हणाल्या, "आपा, तुम्हाला काय गरज? आपली शाळा तर अल्पसंख्याक आहे!"

माझं भांडण याच वाक्याशी आहे.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: पहिली ते आठवीच्या ज्या कार्यरत शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. 2014 च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर ठेवल्या होत्या. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठासाठी पाठवला. तोवर आपण सुटलो, असा आनंद आपल्या स्टाफरूममध्ये आहे.

त्या आनंदामागचा युक्तिवाद असा: टीईटी पास झालेला प्रत्येक जण चांगला शिकवतोच असं नाही, म्हणून टीईटी निरर्थक. पहिला भाग मला मान्य आहे. 2021 च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी टीईटीच्या गैरव्यवहारात खुद्द परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना अटक केली होती. त्या परीक्षेची पूजा करा असं मी म्हणत नाही.

पण दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही. नववीच्या पहिल्याच प्रकरणात 'जर-तर' विधानं आणि त्यांचे व्यत्यास आहेत. चौरस असेल तर चारही कोन काटकोन असतात. व्यत्यास खोटा, कारण चार काटकोन असलेला आयतही असतो. म्हणून चौरसाला काटकोनच नकोत, असं कोणी म्हणेल का? टीईटी हा काटकोन आहे. तेवढ्याने चौरस होत नाही, पण त्याच्याशिवायही होत नाही.

हे आपल्याला नवं नाही. मदरशात मंतिक शिकवतात, तिथे व्यत्यासाला 'अक्स' म्हणतात. प्रत्येक माणूस प्राणी आहे, यावरून एवढंच निघतं की काही प्राणी माणसं आहेत. एखाद्या मुसलमानाचा गुन्हा अख्ख्या कौमेच्या माथी मारला की आपण ही चूक क्षणात पकडतो. ती आपल्या सोयीची असली की मात्र दिसत नाही.

राज्यघटनेच्या कलम 30 ने आपल्याला आपल्या पसंतीच्या शाळा काढून चालवण्याचा हक्क दिला. तो शाळा आपल्या मुलांच्या उपयोगी पडावी म्हणून. शिक्षकाला न शिकण्याची सवलत मिळावी म्हणून नव्हे. जलशांत आपण अल-ख्वारिझ्मी आणि उमर खय्यामचं नाव अभिमानाने घेतो. आणि वर्गात मुलगी विचारते, "टीचर, मुसल्लसच्या तीन ज़ावियांची बेरीज 180 च का?" तेव्हा "पाठ कर" म्हणतो.

पन्नाशीकडे झुकलेल्या शिक्षकाची नोकरी जाण्याची भीती खरी आहे. त्यासाठी जरूर लढा. जास्त मुदत मागा, सरकारी खर्चाने प्रशिक्षण मागा, पारदर्शक परीक्षा मागा. पण सूट मागू नका. त्या सुटीची किंमत आपण नाही, आपली मुलं मोजतील. दहावीत त्यांना गणित भाग 2 चा तोच 40 गुणांचा पेपर सोडवायचा आहे. तिथे अल्पसंख्याक म्हणून एकही प्रश्न सोपा नसतो.

सहकारी बाईंना मी एवढंच म्हटलं, "गाडीला वेळ आहे, हे प्रमेय दोघी मिळून करू या." त्यांनी पर्समधून पेन काढलं.